मधातले परागकण बघायला शिकताना

बाटलीवर ‘जांभूळ मध’ अशी चिठ्ठी चिकटवायची, तर तो जांभळाचाच आहे हे आपल्याला कशावरून कळलं? चव, रंग, काढणीचा महिना, पेट्यांच्या आसपासची झाडं यांवरून अंदाज बांधता येतो, आणि जुने मधपाळ तो फार अचूक बांधतात. पण गिऱ्हाईक समोर उभं राहून विचारतं तेव्हा नुसता अंदाज सांगायला माझी जीभ रेटत नाही. माझे धाकटे दीर ताम्हिणी घाटाच्या वाटेवर सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवतात. मध गाळणं, बाटल्या भरणं आणि विक्री हे सगळं पुण्यात एरंडवण्यातल्या आमच्या घरून मी बघते. त्यामुळे चिठ्ठीवर काय छापायचं याची जबाबदारी माझ्याकडे आली.

भाऊजींनीच वाट दाखवली. गणेशखिंड रस्त्यावर खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ सालची. मधमाशीपालनाचं प्रशिक्षण त्यांनी तिथे घेतलं होतं. “वहिनी, मधाचं मूळ गाव मधातच लिहिलेलं असतं. परागकण बघायचे. पण त्याला मायक्रोस्कोप लागतो आणि बसायची चिकाटी लागते. दुसरी गोष्ट तुमच्याकडे आहे.”

माशी मकरंद शोषते तेव्हा फुलातले थोडे परागकण त्यात मिसळतात आणि पोळ्यातून मधात उतरतात. या कणांचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं. सजीवांनी बनवलेल्या पदार्थांत इतके चिवट फार थोडे. आम्लात ते सहजी विरघळत नाही, आणि लाखो वर्षांपूर्वीच्या गाळातही ते ओळखू येईल इतकं शाबूत सापडतं. या कवचावर काटे, जाळी, चरे, छिद्रं असतात आणि त्यांची मांडणी झाडागणिक वेगळी. म्हणजे पुरावा असतोच, तो वाचता आला पाहिजे.

वाचायला शिकवलं ते शेजारच्या सोसायटीतल्या बाईंनी. आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या आहेत आणि आमच्या भागात सगळे त्यांना बाईच म्हणतात. मी विचारायला गेले तेव्हा त्यांनी हो म्हणण्याआधी एक अट घातली. “मध पहिल्या दिवशी बघायचा नाही. आधी उजेड बघायला शिक.” तेव्हा त्यातलं फारसं कळलं नव्हतं. आता मी कुणाला शिकवायला बसले तर हीच अट घालेन.

मायक्रोस्कोप घेण्यापासूनच शिकवणी सुरू झाली. ऑनलाइन विक्रीच्या यादीत ‘२००० पट’ मोठं दाखवणारी स्वस्त यंत्रं ढिगानं दिसतात. बाईंनी ती सगळी बाजूला सारली आणि अंबाल्याला बनलेला, दोन डोळ्यांनी बघायचा साधा मायक्रोस्कोप घ्यायला लावला. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांतले बरेचसे मायक्रोस्कोप अंबाल्याचेच. घरी आणल्यावर त्यांनी ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे स्लाइडच्या बाजूच्या भिंगावर, कोरलेले आकडे मला मोठ्यानं वाचायला लावले. एका भिंगावर होतं ४०/०.६५ आणि खाली १६०/०.१७. निळा पट्टा असलेलं हे ४०चं भिंग परागकणांसाठी सर्वांत जास्त वापरात येतं. लाल पट्टा ४चा, पिवळा १०चा आणि पांढरा १००चा.

४० म्हणजे वस्तूची चाळीस पट मोठी प्रतिमा. ही प्रतिमा ऑब्जेक्टिव्ह नळीच्या आत, वरच्या टोकाजवळ तयार करतं. ती खरीखुरी प्रतिमा असते, तिथे पडदा धरला तर पडद्यावर उमटेल. आयपीस म्हणजे त्या प्रतिमेकडे बघायचं दुसरं भिंग, आणि ते तिला आणखी दहा पट करतं. एकूण चारशे पट. नळीतली प्रतिमा उलटी असते, म्हणून स्लाइड उजवीकडे सरकवली की दृश्य डावीकडे पळतं. १६० म्हणजे ज्या नळीसाठी भिंग घडवलं तिची मिलिमीटरमधली लांबी आणि ०.१७ म्हणजे कव्हरस्लिपची जाडी, तीही मिलिमीटरमध्ये. कव्हरस्लिप ही स्लाइडवर टाकायची नुसती काच आहे असं मला वाटायचं. प्रत्यक्षात भिंगाचं गणित त्या काचेसकट मांडलेलं असतं. जाड काच टाकली की ४०च्या भिंगाखाली कणाची कड पिठूळ होते. एकदा बाईंनी दोन जाडीच्या काचा शेजारी ठेवून हे दाखवलं, आणि तेव्हापासून कव्हरस्लिपचा डबा घेताना मी त्यावरचा नंबर बघून घेते.

राहिला ०.६५. खरा जीव या आकड्यात आहे. अगदी बारीक तपशिलातून जाताना प्रकाश फाकतो. तपशील जितका बारीक तितकं फाकणं जास्त. हा फाकलेला उजेड भिंगानं गोळा केला तरच तो तपशील प्रतिमेत उतरतो, नाही तर कितीही मोठं केलं तरी तो उतरत नाही. किती रुंद कोनातला उजेड भिंग गोळा करू शकतं, ते हा आकडा सांगतो. १८७३ साली जर्मनीतल्या येना इथे एर्न्स्ट ॲबे यांनी हा हिशेब मांडला: प्रकाशाच्या तरंगलांबीला या आकड्याच्या दुपटीनं भागायचं. हिरवा उजेड ०.५५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला तर ०.६५च्या भिंगाला साधारण ०.४ मायक्रॉन अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. त्याहून जवळचे ठिपके एकच दिसणार. १००चं भिंग तेलात बुडवून वापरतात, त्याचा आकडा १.२५ असतो आणि त्यानं ही मर्यादा ०.२२ मायक्रॉनपर्यंत खाली येते. तेल काचेइतकंच प्रकाशाला वाकवतं, त्यामुळे काचेतून बाहेर पडताना तिरपे किरण हवेत निसटत नाहीत.

याच हिशेबातून एक ठोकताळा निघतो: या आकड्याच्या हजार पटीपुढे केलेलं आवर्धन फुकट जातं. ०.६५च्या भिंगावर २५चा आयपीस लावला तर कागदावर हजार पट होतं, पण ६५०च्या पुढे दिसतो तो फुगवलेला धूसरपणा. ‘२००० पट’वाल्या जाहिराती पोरांच्या हातात नेमकं हेच देतात. मुलं दोन दिवस बघतात, काही दिसत नाही म्हणून डबा माळ्यावर जातो आणि विज्ञान कंटाळवाणं असतं असा समज पक्का होतो. याची मला मनापासून चीड येते.

पहिले काही दिवस आम्ही खरोखर उजेडच बघितला. स्लाइड ठेवायच्या चौथऱ्याला स्टेज म्हणतात. स्टेजच्या खाली कंडेन्सर असतो, दिव्याचा उजेड गोळा करून नमुन्यावर टाकणारी भिंगं. त्याच्या पोटात डायफ्रॅम, उजेडाची वाट लहान-मोठी करणारी झडप. प्रकाशाची मांडणी शास्त्रशुद्ध कशी करायची ते आउगुस्ट क्योलर यांनी १८९३ साली दाखवून दिलं, पण त्यासाठी दिव्यापाशीही एक डायफ्रॅम लागतो आणि माझ्या यंत्राला तो नाही. बाईंची त्यावरची तोड अशी. १०च्या भिंगाखाली एखादी स्लाइड फोकस करायची. मग दिव्याच्या काचेवर पेन्सिलीचं टोक धरायचं आणि स्लाइडचा फोकस न हलवता कंडेन्सर वरखाली करायचा. ज्या उंचीला पेन्सिलीचं टोक स्लाइडबरोबरच स्पष्ट दिसतं ती कंडेन्सरची जागा. दिव्याच्या काचेवरची धूळसुद्धा दिसायला लागली तर केसभर खाली घ्यायचा. त्यानंतर आयपीस काढून नळीत डोकवायचं. खाली उजेडाची एक गोल टिकली दिसते. डायफ्रॅम बंद करत आणायचा, टिकलीचा साधारण पाऊण भाग उजळलेला राहिला की थांबायचं. आयपीस परत बसवायचा. भिंग बदललं की हे पुन्हा.

डायफ्रॅमनं उजेड कमी-जास्त करायचा नाही, हा बाईंचा कडक नियम. उजेडासाठी दिव्याचा खटका आहे. डायफ्रॅम फार मिटला की कणाच्या कडा ठसठशीत काळ्या होतात, बघणाऱ्याला वाटतं किती छान स्पष्ट दिसतंय, पण त्या कडेभोवती नसलेल्या रेघा उमटतात आणि कवचावरची जाळी नाहीशी होते. सताड उघडला तर सगळं पांढरंफटक. या दोन टोकांमधली जागा डोळ्याला कळायला लागेपर्यंत बाईंनी मला मधाच्या बरणीला हात लावू दिला नाही.

याच दिवसांत त्यांनी मुद्दाम पाण्यात हवेचे बुडबुडे अडकवून एक स्लाइड केली आणि म्हणाल्या, “याचं चित्र काढ.” जाड काळी कडा, मध्ये लखलखीत पांढरं, अगदी नेमका गोल. पाणी आणि हवा प्रकाशाला फार वेगवेगळं वाकवतात म्हणून कडेवरचा उजेड बाहेर फेकला जातो आणि ती काळी दिसते. नव्यानं बघणारा प्रत्येकजण या गोलाला पेशी किंवा बीजाणू समजतो. तो आधीच ओळखीचा झाला की पुढचा घोळ टळतो. बसायची रीतही तेव्हाच लागली: दोन्ही डोळे उघडे, नजर लांबच्या टेकडीवर असावी तशी सैल, आणि दोन्ही आयपीस आपल्या डोळ्यांच्या अंतराएवढे जुळवलेले. डाव्या आयपीसची कडी फिरवून डाव्या डोळ्याचा नंबर भरून काढता येतो. मान आखडली तर उंची चुकली म्हणून समजायचं आणि खुर्चीवर उशी घ्यायची.

त्यानंतरही मध नव्हताच. आधी ओळखीच्या फुलांच्या स्लाइडचा संग्रह करायचा, म्हणजे मधात दिसलेल्या कणाची तुलना कशाशी तरी करता येईल. हे काम मला सगळ्यांत आवडलं. सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जाताना खिशात कागदी पाकिटं ठेवायला लागले. उमललेलं फूल घ्यायचं नाही, कारण त्यावर माश्या बसून गेलेल्या असतात आणि दुसऱ्या झाडांचे कण चिकटलेले असतात. उमलायला एक दिवस असलेली कळी घ्यायची. पाकिटावर झाडाचं नाव, जागा, तारीख. आमच्या परिसरातली कडुनिंब, शेवगा, चिंच, निलगिरी, नारळ, जास्वंद झाली. ताम्हिणीकडची जांभूळ, हिरडा, ऐन भाऊजींनी आणून दिली.

स्लाइड करण्याची रीत सांगते, कारण ती घरच्या टेबलावर जमते. कळी उघडून परागकोश सुईनं स्वच्छ काचेवर टोचायचे. पिवळट भुकटी पडते. तिच्यावर ड्रॉपरनं स्पिरिटचे थेंब सोडायचे. कणांवर एक तेलकट थर असतो, तो विरघळून कडेला पसरतो आणि पिवळसर कड्यासारखा वाळतो. ते कडं ओल्या कापसानं पुसून घ्यायचं, मधली भुकटी तशीच ठेवायची. मग ग्लिसरीन जेलीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. ही जेली जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी यांची, आणि बाई तिच्यात चिमूटभर फुक्सिन नावाचा रंग टाकतात, त्यामुळे ती गडद गुलाबी दिसते. तुकडा भुकटीवर ठेवून काच कोमट तव्यावर धरायची. जेली वितळते, पसरते. कव्हरस्लिप एका कडेवर टेकवून सुईच्या आधारानं सावकाश खाली सोडायची, म्हणजे हवा दुसऱ्या कडेनं निघून जाते. थंड झाल्यावर कडेनं नेलपॉलिश. रंग कशाला, तर जेली प्रकाशाला जवळपास कणाइतकंच वाकवते, त्यामुळे बिनरंगी कण तिच्यात विरून गेल्यासारखा फिका दिसतो. फुक्सिन कवचाला धरतं आणि त्यावरचं नक्षीकाम उठून येतं. जेलीत कण हळूहळू थोडे फुगतात, म्हणून संग्रहाची आणि मधाची स्लाइड एकाच पद्धतीनं केलेली हवी, नाही तर मापं जुळत नाहीत.

प्रयोगशाळेत यापुढची एक पद्धत वापरतात. स्वीडनचे गुन्नार एर्टमान यांची ॲसिटोलिसिस. नऊ भाग ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि एक भाग तीव्र गंधकाम्ल यांत कण तापवतात, आतलं सगळं जळून जातं आणि नुसतं कवच उरतं. दिसायला ते फार देखणं असतं. पण त्या मिश्रणाचा पाण्याशी संबंध आला तर भडका उडतो. बाईंनी ती पद्धत समजावून सांगितली आणि घरात करायला स्वच्छ मनाई केली.

पहिल्यांदा जास्वंदीचा कण बघितला तो दिवस मी विसरणार नाही. शंभर मायक्रॉनहून मोठा गोळा, सगळ्या अंगावर बोथट टोकांचे काटे, आणि काट्यांच्या मधून छिद्रं. ४०च्या भिंगाखाली माझ्या यंत्रात एकूण दिसणारं वर्तुळ ४५० मायक्रॉनचं, त्यातला मोठा हिस्सा त्या एकाच कणानं व्यापला होता. त्याच्या पाठोपाठ बाईंनी लाजाळू लावली. तिचे चार-चार कण एकमेकांना चिकटलेले, आणि ती चौकडी मिळूनसुद्धा दहा मायक्रॉनच्या आतली. बाभळीचे कण तर बहुधा सोळा-सोळाच्या गठ्ठ्यानं असतात. मक्याचा कण गुळगुळीत आणि एकाच छिद्राचा, छिद्राला काठ. मोहरीवर जाळी आणि तीन उभ्या चिरा. तेरड्याचा कण चक्क लांबट आयत, चार कोपऱ्यांना चार चिरा. रोज पायाखाली येणारा तेरडा, आणि त्याचा कण असा आखल्यासारखा.

इतक्या आवर्धनाला एका वेळी जेमतेम मायक्रॉनभर जाडीचा थर स्पष्ट दिसतो. तीस मायक्रॉनचा कण एका नजरेत कधीच पूर्ण दिसत नाही. बारीक फोकसची चकती हळूहळू फिरवत वरून खाली उतरायचं आणि थर मनात रचायचे. चारशे पटीत बघणाऱ्याचं एक बोट सतत त्या चकतीवर असतं. हे उतरतानाच काटा आणि खड्डा यांतला फरक कळतो. वरच्या फोकसला ठिपका उजळ आणि खाली जाताना काळा झाला तर तो उंचवटा. आधी काळा आणि मग उजळ, तर खळगा. हीसुद्धा एर्टमान यांची रीत. फोटोत हे कळत नाही, म्हणून बाई मोबाइलवर फोटो काढू देतात, पण पेन्सिलीनं चित्र काढल्याशिवाय स्लाइड बदलू देत नाहीत.

माप घ्यायला आयपीसमध्ये एक बारीक पट्टी असते. तिच्या रेघा नुसत्या रेघा, त्यांना आधी किंमत द्यावी लागते. त्यासाठी एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली स्लाइड मिळते, तिचा एक भाग दहा मायक्रॉनचा. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर आणल्या तर माझ्या यंत्रात ४०च्या भिंगाखाली आयपीसमधला एक भाग अडीच मायक्रॉनचा निघाला. जांभळाचा कण सहा भागांच्या आसपास, म्हणजे साधारण पंधरा मायक्रॉन. वरून बघितला तर गोलसर कोपऱ्यांचा त्रिकोण, आणि कोपऱ्यांतून निघालेल्या चिरा मधल्या भागाकडे जातात. निलगिरी त्याच कुळातली, तिचाही त्रिकोणच, पण कण मोठा. मापाशिवाय या दोघांत गफलत ठरलेली.

आणि मग मध. दहा ग्रॅम मध वीस मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवायचा, पाणी चाळीस अंशांच्या पुढे नको. ते नळ्यांत भरून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. एका पॅथॉलॉजी लॅबनं गाशा गुंडाळला तेव्हा त्यांचा छोटा सेंट्रिफ्यूज मला मिळाला. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन सारखं हवं, नाही तर यंत्र टेबलभर नाचतं. दहा मिनिटांनी वरचं गोड पाणी ओतून द्यायचं, साधं पाणी घालून पुन्हा फिरवायचं. नळीच्या तळाशी जे करडं-पिवळं बोटाच्या नखावर मावेल इतकं उरतं, तो सगळा पुरावा. तो थेंब काचेवर पसरून सुकवायचा, आणि पुढचं सगळं वर सांगितल्यासारखं, गुलाबी जेली आणि कव्हरस्लिप.

मोजणीला शिस्त आहे. स्टेजच्या दोन चकत्यांनी स्लाइड ओळीओळीनं सरकवायची, ओळ संपली की एक घर खाली. देखणे कण निवडायचे नाहीत, वाटेत येईल तो प्रत्येक कण लिहायचा. निदान ३०० कण झाले पाहिजेत. लुव्हो, मौरिझियो आणि फोरवोल यांनी १९७८ मध्ये मांडलेली वर्गवारी आजही वापरतात: ४५ टक्क्यांहून जास्त असेल तो प्रमुख, १६ ते ४५ दुय्यम, ३ ते १५ किरकोळ पण महत्त्वाचा, त्याखालचा नगण्य. भाऊजींच्या एप्रिल-मेच्या काढणीत जांभळाचे त्रिकोण निम्म्याहून बरेच जास्त निघाले. उरलेल्यांत सहा चिरांचे बारीक कण, हिरडा-ऐनाचे. हिरडा आणि ऐन सख्खे, आपल्या यंत्राखाली त्यांना वेगळं करता येत नाही, म्हणून वहीत ते जोडीनंच लिहिले.

मी आनंदानं ‘जांभूळ’ असं लिहायला निघाले होते, तेव्हा बाईंनी पेन धरलं. “अगं, माशीच्या पोटात गाळणी असते, ती विसरलीस का?” माशीच्या मधाच्या पिशवीच्या तोंडाशी एक झडप असते. मकरंदातले मोठे कण ती जास्त पकडून काढते, बारीक कण निसटतात. म्हणून बारीक कणांची फुलं मधात त्यांच्या खऱ्या वाट्यापेक्षा जास्त दिसतात आणि मोठ्या कणांची कमी. परागकणांची टक्केवारी म्हणजे मकरंदाची टक्केवारी नव्हे. शिवाय जांभळाच्या भावकीतली इतर झाडंही सह्याद्रीत आहेत आणि त्यांचे कण असेच. यावर विचार करून आम्ही चिठ्ठीवर छापलं: ‘ताम्हिणी परिसर, एप्रिल-मे काढणी, मुख्यतः जांभूळ, सोबत हिरडा-ऐन’. पावसाळ्यानंतरच्या काढणीत तेरड्याचे आयत आणि सोनकीचे काटेरी कण मिसळून आले, कुणीच ४५ टक्के ओलांडले नाहीत, त्या बाटल्यांवर ‘रानफुलांचा’. गिऱ्हाइकांपैकी जे विचारतात त्यांना मी मोजणीचा कागद दाखवते.

एका नातेवाइकांनी बाजारातून ‘सह्याद्रीचा जांभूळ मध’ म्हणून आणलेली बाटली कुतूहलानं तपासली. भिंगाखाली मोहरीच्या जाळीदार कणांची रांग लागली. जांभळाचा त्रिकोण शोधून सापडेना. मोहरीचा मध खायला चांगला असतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण सह्याद्रीच्या डोंगरात कष्ट करणाऱ्या मधपाळाचं नाव लावून दुसरीकडचा मध विकला जातो तेव्हा त्याच्या मेहनतीची किंमत पडते, आणि हे थांबायला हवं असं मला फार वाटतं.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण लोक आता माझ्याकडे बाटल्या घेऊन येतात आणि “यात साखर आहे का बघा” म्हणतात. विरघळलेला साखरेचा पाक मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, त्याला रासायनिक चाचण्या लागतात. पिठाची भेसळ असली तर दिसते: दिव्यावर एक आणि आयपीसवर एक अशी ध्रुवीकरणाची फिल्म ठेवून एक फिल्म फिरवली की काळ्या पार्श्वभूमीवर स्टार्चचा प्रत्येक कण उजळतो आणि त्यावर काळी फुली उमटते. अतिसूक्ष्म गाळणीतून काढलेल्या मधात तर परागकणच उरत नाहीत, त्याचं गाव कुणीच सांगू शकत नाही.

शेजारचा शाळकरी मुलगा एकदा विचारत होता, यात करोनाचा विषाणू दिसेल का. त्याला ॲबेंचा हिशेब करून दाखवला. २०२० साली आपल्या पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेनं भारतातल्या पहिल्या रुग्णाच्या नमुन्यातला तो विषाणू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं टिपला, त्यातला कण ७५ नॅनोमीटरचा, म्हणजे ०.०७५ मायक्रॉनचा होता. आपल्या यंत्राची हद्द त्याच्या कितीतरी अलीकडे संपते. तिथे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत लागतो, कारण त्याची तरंगलांबी प्रकाशापेक्षा फारच लहान असते. मुलानं वहीत दोन्ही आकडे उतरवून घेतले आणि मग जास्वंदीचा कण बघण्यासाठी तासभर हलला नाही.

पावसाळ्यात यंत्राला जपावं लागतं. पुण्यातल्या जुलै-ऑगस्टच्या दमटपणात भिंगांवर बुरशी धरते आणि एकदा तिनं काच कोरली की डाग जात नाही. मी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते, त्यांचा निळा रंग गुलाबी झाला की तव्यावर तापवून परत निळा करते. भिंग पदरानं पुसायचं नाही, त्याचा वेगळा कागद मिळतो.

आत्ता आमच्या वहीत एक अनोळखी कण आहे. मेच्या काढणीतच येतो, तीन चिरा, जाळी मोहरीपेक्षा बारीक, माप बावीस मायक्रॉनच्या आसपास. बाईंनी त्याची चार वेगवेगळ्या फोकसची चित्रं काढून घेतली आहेत आणि समोर ‘अज्ञात १’ असं लिहिलंय. संग्रहातल्या एकाही स्लाइडशी तो जुळत नाही. भाऊजी म्हणतात, पेट्यांच्या वरच्या अंगाला ओढ्याकाठी काही वेली एप्रिलच्या शेवटी फुलतात, त्यांच्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही. त्यांच्या गाडीत मी कागदी पाकिटं आणि पेन्सिल ठेवून दिली आहे. कळ्या उमलायच्या आधी तोडा, आणि प्रत्येक पाकिटावर ओढ्याची कुठली बाजू तेही लिहा, असं दोनदा बजावलंय.